एक्केचाळीसपाशी खड्डा

एस्टोनियातलं विल्यांदी, फेब्रुवारी, बाहेर उणे सतरा.
तिकाटण्यावर बोटाएवढा माइक उभा केला,
नेमका तिथे, जिथे खुर्चीत
बाबांचे कान असतात.
"मला उठवलंस आणि माझ्या जागी ही काडी?"
बाबा म्हणाले. एन्देल लाउर, वय एक्क्याऐंशी,
नाटकघराच्या वाद्यवृंदात बत्तीस वर्षं डबल बास.

लॅपटॉप पिठाच्या डब्यावर ठेवला.
सॉफ्टवेअरनं माइकची कॅलिब्रेशन फाइल मागितली. दिली.
फ्रिज बंद केला. घड्याळाचा लंबक बोटानं थांबवला.
बाबांना खूण केली : आता हूं की चूं नाही.

वीस हर्ट्झपासून आवाज चढत निघाला,
आवाज कसला, आधी नुसतं पोटात काही सरकल्यासारखं,
मग कपाटातल्या बशा एकमेकींना लागल्या,
खिडकीची एक काच, नेमकी एकच,
काहीतरी बोलली आणि गप्प झाली,
मग माणसाच्या गळ्याएवढा, मग किटलीएवढा,
मग सुईच्या टोकाएवढा.
"संपलं?" बाबांनी विचारलं.

संपलं नव्हतं. पडद्यावर जेमतेम सात हजार.
चौदा हजारांवर माझाही हात सुटला.
पुढे एकटी मुरी गेली, शेपटी ताठ,
आम्हा दोघांना मागे ठेवून,
अगदी टोकापर्यंत.

ती मोजणी वाया गेली. दुसरी केली.
पण पहिली पुसली नाही.
तिच्यात कुठेतरी त्या "संपलं?"चा खरखरीत डाग आहे.

भिंतींना कान असतात म्हणतात. तोंडही असतं,
आणि दोन भिंती एकाच वेळी बोलल्या
की मधल्या माणसाला काहीच कळत नाही.
आलेखात एक्केचाळीसपाशी खड्डा होता,
विहिरीसारखा, सरळ खाली.
मी टेप लावली : खोली चार मीटर सोळा.
त्या सुराची अर्धी लाट इथे बरोब्बर मावते,
भिंतींपाशी भरून उभी राहते
आणि मधोमध शून्य.
मधोमध बाबांची खुर्ची.

"एक्केचाळीस," बाबा म्हणाले,
"ती तर माझी जाडी तार. मोकळी.
तिला बोटसुद्धा लावावं लागत नाही."

सदतीस वर्षं ते म्हणत आले,
रेकॉर्डवाले बास खातात,
रीगाहून आणलेले स्पीकर पोकळ आहेत.
अ‍ॅम्प्लिफायर दोनदा हेल्दुरकडे नेला.
हेल्दुरनं दोनदा उघडला, दोनदा झाकला,
"यात काही नाही, एन्देल," म्हणाला,
दुसऱ्या वेळी जरा हसून.
त्या हसण्यावरून अकरा वर्षं बोलणं बंद.

खुर्ची भट्टीच्या भिंतीला नेली.
त्यांचीच एक जुनी टेप लावली, नाटकघरातली.
तार आली.
आधी पाठीत, मग खुर्चीच्या लाकडात,
मग त्यांच्या उजव्या खांद्यात,
जो आपोआप थोडा पुढे झाला.
बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मुरी झोपली.

मी जाळीचे खांब, लोकरीचे गठ्ठे,
कोपऱ्यात काय ठेवता येईल ते कागदावर काढत होते,
तोवर बाबांनी खुर्ची ओढत परत मधोमध आणली.
"भट्टीपाशून बसथांबा दिसत नाही."
"पण बाबा, खड्डा..."
"ठाऊक आहे ना आता कुठे आहे ते."

त्यांची रीत आता अशी :
खालचा सूर येणार असं वाटलं की उठतात,
दोन पावलं जातात, भट्टीला पाठ टेकतात,
तो ऐकतात, आणि परत येऊन बसतात,
बसच्या वेळेआधी.

निघताना दारात बूट घालत होते
तेव्हा आतून फोनवर त्यांचा आवाज आला :
"हेल्दुर? मी. हो, मीच.
तुझ्याकडे मोजपट्टी आहे का रे?"